बाबांना मारायची वेळ

आमच्या आईने बाबांना चोवीस वर्षं मारलं. रोज संध्याकाळी साडेपाचला, मागच्या अंगणात, दोरीवर टांगून. सुट्टीचे वार सोडले तर तिने एकही दिवस चुकवला नाही.

म्हणजे बाबा तेव्हा आत हातपाय धूत असायचे. दोरीवर असायचा त्यांचा कामाचा निळा डगला आणि विजार. आई धोपाटणं घ्यायची, कपडे बडवायचं ते रुंद पात्याचं लाकडी, आणि डगल्याच्या पाठीत असा दणका हाणायची की कुंपणावरचे पक्षी उडून जायचे. डगल्यातून पांढरा धुरळा उठायचा. मग खांदे, मग पोट. विजारीला ती शेवटी घ्यायची आणि तिथे जरा जास्तच वेळ काढायची.

बाबा एका मोठ्या कारखान्यात होते. तिथे वाफेचे जाडजूड नळ होते. वाफ वाटेत निवू नये म्हणून त्या नळांना पांढरा लेप थापायचा आणि वरून पट्ट्या गुंडाळायच्या, हे त्यांचं काम. सोबतचे लोक त्यांना गुंडाळ्या म्हणायचे. नाव अगदी चपखल होतं, कारण बाबा नळांपेक्षा माणसं जास्त सफाईने गुंडाळायचे. बाहेर हसतमुख, कुणाच्याही मदतीला धावणारे, मुलांच्या हातावर गोळ्या ठेवणारे. घरी आले की हात चालायचा. जेवण थंड, हात. बटण तुटलेलं, हात. आईने उलट उत्तर दिलं, हात, आणि दिलं नाही तर गप्प का बसलीस म्हणून हात. एकदा त्यांनी आईचं बोट दारात चिरडलं आणि दवाखान्यात नेताना वाटेत भेटेल त्याला सांगितलं, वाऱ्याने दार आपटलं हो. त्या दिवशी वारा नव्हता. दुसऱ्या दिवशी आईने डगला डाव्या हाताने बडवला.

मी सात वर्षांची होते. आई कपडे झाडत नाहीये हे मला तेव्हाच कळलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, धोपाटणं पुढे केलं आणि म्हणाली, "घे, दोन तू घाल." मी दोन घातले. फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं बरं मला क्वचितच वाटलंय. तेव्हापासून आमचा एक परवलीचा शब्द झाला. साडेपाच वाजले की आई हळूच म्हणायची, "चल, बाबांना मारू या." धुरळा आमच्या केसांवर, पापण्यांवर बसायचा, आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो आणि थुंकायचो.

धाकटा माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो कळता झाला तोवर बाबांचा हात बराच थंडावला होता. मुलगा झाला म्हणून असेल, किंवा मी तापलेला तवा घेऊन मध्ये उभी राहायला शिकले होते म्हणून असेल. धाकट्याला दोरीवरचं ते सगळं नुसता खेळ वाटायचा. आईच्या कडेवरून तो धोपाटण्याला हात लावायचा आणि किंचाळायचा, "माल! बाबांना माल!" त्याच्या लहानपणातली सगळ्यात गोड आठवण कोणती असं विचारलं तर तो अजूनही हीच सांगतो.

मग कारखान्यात ते काम बंद झालं. शेवटच्या दिवशी बाबांनी डगला काढून दिला. आई अंगणात गेली, धोपाटणं उचललं, दोरीवरच्या डगल्याकडे बघत उभी राहिली आणि परत आली. "पुरे झालं," म्हणाली, "हात दुखले." तिने तो तसाच, धुरळ्यासकट घडी करून पत्र्याच्या पेटीत तळाशी घातला. पुढे कुणी त्याची आठवणही काढली नाही.

आईला दम लागायला लागला तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. बऱ्याच तपासण्या झाल्या, पाठीतून सुई घालून पाणी काढलं, आणि मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं.

"आजी, तुम्ही कुठे कामाला होता?"

"घरी."

"कारखान्यात? बांधकामावर?"

"घरी हो, घरी. ते काय कमी होतं?"

"आणि मिस्टर?"

आईने नळांचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

आई हसली. कित्येक आठवड्यांनी हसली आणि हसता हसता खोकत सुटली. खोकला आवरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "धुवायचे नंतर. आधी बडवायचे."

बाईंनी मग सावकाश समजावून सांगितलं. त्या पांढऱ्या लेपात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. त्याचे तंतू केसाहून कितीतरी बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत जातात आणि आतच रुततात. तीस वर्षं, चाळीस वर्षं काही कळत नाही आणि मग छातीच्या अस्तरात रोग उठतो. कामावरच्या माणसांना होतो तसाच त्यांचे कपडे हाताळणाऱ्या घरच्या बायकांनाही होतो. बरा होतो का, असं मी विचारलं. त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला, तेव्हा मला उत्तर मिळालं.

बाहेर आल्यावर आईने माझं मनगट धरलं. ते वाकडं झालेलं बोट मला टोचत होतं.

"धाकट्याला डगल्याचं सांगू नकोस."

"का?"

"त्यानेही मारलंय गं. जन्मभर खोकला आला की पोटात गोळा येईल त्याच्या. पोर झालीय आता त्याला. नुसतं म्हण, जुन्या घरात छताला ते तक्ते आहेत ना, त्याने झालं."

"आणि मी?"

"तू कुठे कशाला घाबरतेस!"

मी घाबरते. मी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते, तिथे जायला चार जिने आहेत, आणि रोज सकाळी मी वर पोचल्यावर दम मोजते. पण आईसमोर मी मान डोलावली. सात महिन्यांनी ती गेली. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना साधं पडसंही होत नाही. आता तुम्हीच सांगा, माणसाने डोकं कुठे आपटायचं?

घर मात्र खरोखरच तसलं होतं. बाबांनी ते कारखान्यातून उरलेसुरले तक्ते आणून स्वतःच्या हाताने सजवलं होतं. स्वयंपाकघराचं छत त्या राखाडी-पांढऱ्या तक्त्यांचं, शेगडीमागची भिंत त्यांची, न्हाणीघराच्या गरम पाण्याच्या नळावर तोच लेप. आई गेल्यावर मी घरांमधलं अ‍ॅस्बेस्टॉस शोधणाऱ्या तपासनीस बाईंना बोलावलं. अंगाने बारकुळ्या, बोलायला फटकळ. मला आवडल्या.

"छत धडधाकट आहे," त्या वर बघत म्हणाल्या. "धडधाकट आहे तोवर ते तुमच्या वाटेला जात नाही. खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही, घासायचं नाही, रंगाआधी खरवडायचं नाही. तुकडा पडलाच तर कोरडा झाडू मारायचा नाही. आधी ओलं करायचं. जुन्या घरात राहणारे सगळे एकच चूक करतात, आधी फोडतात आणि मग मला विचारतात, बाई, हे काय होतं?"

त्यांनी तोंडाला जाड मुखवटा बांधला, कोपऱ्यात पाणी मारलं, नखाएवढा तुकडा काढून डबीत घातला आणि जागेवर पट्टी चिकटवली. शुक्रवारी अहवाल आला. होय, तेच. तक्ते काढणाऱ्या लोकांकडे आमची पाळी सहा आठवड्यांनी होती. तोवर हात लावायचा नाही, एवढंच आमचं काम.

मी धाकट्याला फोन केला. तोच त्या घरात राहतो, बायको, पाच वर्षांची मुलगी भिंगरी आणि बाबा यांच्यासोबत. मी म्हटलं, "छतात तेच आहे. यानेच आई गेली." आईने शिकवलं होतं तसंच म्हटलं. त्याने फोन ठेवून दिला. मला वाटलं, रडतोय.

रविवारी दुपारी भावजयीचा फोन आला. "ताई, लवकर या. ह्यांनी घण आणलाय. छत पाडतो म्हणतायत. बाबा त्यांच्या अंगावर धावून गेले."

"भिंगरी कुठे आहे?"

"तिला मागे अंगणात पाठवलंय, खेळ म्हटलं. आत धूळ उडाली तर तिला लागायला नको."

"शहाणं केलंस," मी म्हटलं. हे मी म्हटलं, हे मला कायम लक्षात राहणार आहे.

मी धावत गेले. दोनच गल्ल्या आहेत मध्ये. फाटक उघडलं तेव्हा मागच्या बाजूने धप, धप असा आवाज येत होता. शेजारी कुणीतरी गादी झोडपतंय, असं मनात आलं आणि गेलं, कारण घरातून बाबांच्या शिव्या ऐकू येत होत्या.

स्वयंपाकघरात धाकटा स्टुलावर चढला होता. बनियन, घामाने निथळलेला, दोन्ही हातांत घण. बाबांनी स्टुलाचे पाय धरले होते. तो पडू नये म्हणून नव्हे, पाडायला.

"हात लाव माझ्या छताला," बाबा ओरडत होते, "हात लाव आणि बघ! तुझा जन्म व्हायच्या आधी लावलंय ते मी. एक तक्ता हललेला नाही!"

"बाबा, सोडा!"

"खाली उतर," मी म्हटलं.

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. डोळे लाल. "तूच म्हणालीस ना याने आई मेली? मग सहा आठवडे काय करू? याच्याखाली बसून जेवू? रोज वर बघतो मी ताई. घास गिळत नाही. आईला मारणारं डोक्यावर ठेवून मी झोपू शकत नाही."

"फोडलंस तर आणखी मरतील. नाही फोडलंस तर ते गप्प राहील. उतर."

"अरे ऐक की तिचं!" बाबा म्हणाले. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी आणि बाबा एका बाजूला होतो.

धाकट्याने घण उचलला. बाबांनी स्टूल ओढलं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण मनगटं अजून तीच. धाकटा अर्धवट कोसळला, पडता पडता त्याने बाबांच्या छातीत गुडघा घातला, आणि बाबा मागे शेगडीच्या कोपऱ्यावर आपटले. कपाळ फुटलं. रक्त एकदम डोळ्यात आलं. भावजय किंचाळली. मी घणाच्या दांड्याला लटकले. धाकट्याने हिसका मारला, त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ दातावर फाटला आणि मला तोंडात रक्ताची चव आली. मग मीही मागेपुढे पाहिलं नाही. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. ज्या पोराला मी न्हाऊ घातलं, ज्याचं शेंबडं नाक पुसलं, त्या पोराचा दंड मी चावत होते आणि तो माझे केस ओढत होता. घण हातून सुटला आणि ओट्यावरच्या सिंकमध्ये पडला. सिंकचे दोन तुकडे झाले. छताला ओरखडाही आला नव्हता.

मग क्षणभर सगळे नुसते धापा टाकत राहिलो.

बाबा जमिनीवर बसले होते, पाठ शेगडीला टेकून. एका डोळ्यात रक्त, दुसऱ्याने वर छताकडे बघत होते. तपासून घेतल्यावर ते म्हणाले, "माझ्या छताने कुणाचं काय वाकडं केलंय? गप्प बसलंय बिचारं. छताने नाही मेली ती. डगल्याने मेली."

"कुठल्या डगल्याने?" धाकट्याने विचारलं.

"बाबा, गप्प बसा," मी म्हटलं.

"का गप्प बसू? माझ्या कामाला नावं ठेवता! कारखान्यात कपडे बदलायच्या खोलीत पुढे पुढे पाटीच लावली होती. कामाचे कपडे घरी नेऊ नका, घरच्यांना धोका आहे. इथेच टाका, इथेच धुतले जातील. हीऽ एवढी मोठी अक्षरं. मी रोज वाचायचो."

मला कपड्यांचं ठाऊक होतं. पाटीचं ठाऊक नव्हतं. "वाचायचात?" मी विचारलं. "वाचून घरी आणायचात?"

बाबांनी बाहीने डोळा पुसला. "ती बडवायची ना," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, भाजी काय आणू असं विचारावं तसा. "मी आतून ऐकायचो. ती कुणाला बडवते ते मला कळत नव्हतं का? मी काय दूधखुळा आहे? म्हटलं, बडवू दे. माझ्यासमोर तर तोंड उघडायची नाही. तेवढी तरी मोकळीक असू दे बाईला. डगला तिकडेच टाकला असता तर तिने काय बडवलं असतं?"

याचं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. त्यांना वाटत होतं, ते तिला काहीतरी देत होते. चोवीस वर्षांत त्यांनी तिला मनापासून दिलेली बहुधा ती एकच गोष्ट होती, आणि त्याच गोष्टीने आई मेली. तेव्हा मात्र मी एवढा विचार केला नाही. मी सिंकमधून घण उचलला. मला छत नको होतं. मला ते फुटलेलं कपाळ हवं होतं. हात वर गेला, आणि त्या हातात बाबांचीच ताकद होती. भावजयीने डोळे मिटून घेतले. बाबांनी मिटले नाहीत.

"ताई," धाकटा म्हणाला.

मला वाटलं, तो मला अडवतोय. तो माझ्याकडे बघतही नव्हता. मागच्या दाराकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, ऐक."

धप. मग थोडं थांबून, धप.

"सकाळी पेटीतून काढला मी," तो म्हणाला. शब्द कसेबसे बाहेर पडत होते. "छत फोडताना अंगात घालायला. आपले कपडे खराब नको व्हायला म्हणून. कुबट वास येत होता त्याला. मग दोरीवर... भिंगरी मागे लागली होती, मी काय करू, मी काय करू. तिला म्हटलं, आजी काय करायची माहितेय का? आईची आठवण म्हणून, ताई. तू मला कपड्यांचं कधी सांगितलं नाहीस."

नाही सांगितलं. छताचं सांगितलं, शेगडीमागच्या भिंतीचं सांगितलं, न्हाणीघरातल्या नळाचं सांगितलं. जे स्वस्थ पडून होतं त्याचं सगळं सांगितलं. आईला शब्द दिला होता ना. घण माझ्या हातून कधी गळून पडला ते मला माहीत नाही.

अंगणात दोरीवर डगला होता. बाह्या खाली लोंबत होत्या. भिंगरी छोट्या पाटावर उभी राहून दोन्ही हातांनी धोपाटणं मागे नेत होती आणि पाय उचलून सगळ्या अंगाने हाणत होती. प्रत्येक फटक्याला जुना धुरळा उठत होता, उन्हात चमकत होता आणि तिच्यावर बसत होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, ओठांवरही पांढरं. मला बघून ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडले आहेत.

"आत्या! मी आजोबांना मारतेय! आता तुझी पाळी!"

धाकटा धावत सुटला आणि तिला उचलून तिच्या फ्रॉकवर हात मारायला लागला, धूळ झटकायला. सगळेच बाप करतात तसं.

"झटकू नकोस!" मी ओरडले. "झटकू नकोस, गाढवा, उडेल ती! खाली ठेव! श्वास धर!"

मी अंगणातला नळ सोडला आणि रबरी नळी ओढली. जोराची धार मारली तर धूळ आणखी उडते म्हणून तोंडाशी अंगठा न लावता पाणी नुसतं वरून सोडायचं, हे मला तपासनीस बाईंनी शिकवलं होतं. छताच्या तुकड्यासाठी शिकवलं होतं. मी ते पोरीच्या डोक्यावर सोडलं. पाणी बर्फासारखं होतं. ती आधी दचकली, मग किंचाळली, मग पळायला लागली. मी तिचा दंड पकडला आणि धरून ठेवलं. ती लाथा मारत होती. "आत्या नको! मी काय केलं? पप्पा! मी काय केलं?" माझ्या फाटक्या ओठातून रक्त गळून तिच्या खांद्यावर पडत होतं, पाण्याबरोबर वाहून जात होतं, आणि मी तिला सोडत नव्हते. बाबा आईला असंच, याच ठिकाणी, दंडाला धरून ठेवायचे.

"तोंड मिट," मी म्हणत होते. "भिंगरी, बाळा, तोंड मिट. नाकाने फूं कर. आणखी जोरात."

भावजय दारात आली आणि तिने काही न विचारता पिशव्या आणल्या, जाड प्लॅस्टिकच्या. या बाईला मी आजवर आळशी समजत होते. आम्ही पोरीचे कपडे ओलेच्या ओले काढून पिशवीत घातले, गाठ मारली, ती पिशवी दुसरीत घातली. धाकट्याचं बनियनही. डगल्यावर पाणी सोडलं. तो भिजून जड झाला आणि दोरीवर वाकला. मग मी तो कुशीत न घेता दोन बोटांनी उतरवला. एवढ्या वर्षांत त्याला मी पहिल्यांदाच हळुवार हात लावत होते.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, एकाच दिवसाचं असेल तर धोका फार थोडा. तो शून्य आहे, असं मी म्हणणार नाही. आत्ता काढलेल्या फोटोत काहीही दिसणार नाही. नोंद करून ठेवा, मोठेपणी तिला सांगा, तिला सिगरेट ओढू देऊ नका, आणि जगा. मी म्हटलं, बरं. पण ते नंतरचं झालं.

तेव्हा अंगणात भिंगरी टॉवेलात गुंडाळलेली, तिच्या आईच्या मांडीवर हुंदके देत होती. धाकटा चिखलात उकिडवा बसला होता.

"किती मारलंस गं?" त्याने तिला विचारलं. असं विचारू नये हे त्याला कळत होतं.

तिने नाक ओढलं. "मला वीसपर्यंतच येतात. वीस मारले. मग परत वीस. मग परत वीस."

"अजून?"

"मग परत वीस," ती म्हणाली. रडता रडताही तिला जरा अभिमान वाटत होता.

बाबा भिंतीला धरत बाहेर आले होते. कपाळावरचं रक्त दाढीत सुकायला लागलं होतं. त्यांनी पोरीकडे बघितलं, पिशव्यांकडे बघितलं, आणि कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुणाला गुंडाळायला काही उरलं नव्हतं. वाकून त्यांनी जमिनीवरचं धोपाटणं उचललं. माझ्यासमोर आले आणि दांडा माझ्याकडे करून ते पुढे धरलं.

"मार," म्हणाले. "आता मी आहे. डगला नाही."

आईने माझ्यापुढे ते असंच धरलं होतं. घे, दोन तू घाल. हात शिवशिवला, हे मी लपवणार नाही. मी ते त्यांच्या हातातून घेतलं, नळाखाली दोन्ही बाजूंनी नीट ओलं केलं, आणि डगल्याच्या पिशवीत टाकून वरून गाठ मारली. बाबा तिथेच उभे राहिले. त्यांचा रिकामा हात अजून पुढेच होता.

तेवढ्यात भिंगरी खोकली.

गार पाण्याचा खोकला होता तो, दुसरं काही नाही. लहान, कोरडा, एकदाच. पण आम्ही चौघंही जागच्या जागी थिजलो आणि तिच्याकडे बघत राहिलो, पुन्हा खोकते का ते ऐकत. ती पाच वर्षांची आहे. चाळीस वर्षं ऐकायचं आहे. बाबा नसतील, मीही बहुधा नसेन. धाकटा असेल.